चौसष्ट मीटर

शुक्रवारी ते येणार
म्हणून मंगळवारीच मी मैदान आवळलं.
अडुसष्टाचं चौसष्ट केलं,
दोन्ही अंगांनी दोन-दोन मीटर.
नियमात बसतं. नियमाच्या अगदी काठावर बसतं,
दद्नाच्या मच्छीमारांची पोरं धक्क्यावर बसतात तसं,
पाय बाहेर सोडून.

त्यांच्या डाव्या विंगरचा महिन्याचा पगार म्हणजे
आमची दोन वर्षांची बस, बर्फ आणि बूटमोजे,
असं हिशेबनीस थॉमाच्चन सांगतो
आणि सांगून झाल्यावर उगाच चष्मा पुसतो.
त्या विंगरला धावायला जागा लागते.
जागा माझ्या हातात आहे.

आमचा कोच हुसाम. ट्यूनिसचा. फळ्यावर फार बाण काढत नाही.
तू गवत बघ, म्हणतो, मी माणसं बघतो.
तेव्हा बुधवारपासून मशीन शेडमध्येच.
गवत बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत येऊ दिलं,
पाणी तोडलं.
त्यांचा चेंडू ओल्या गालिच्यावर पळायला शिकलेला,
इथे येऊन बसेल रंकाळ्यातल्या म्हशीसारखा,
ऊठ म्हटलं तरी उठणार नाही.

मी कोल्हापूरचा.
आमच्याकडे पेठेसाठी खेळतात, आणि हरले
तर आठवडाभर दुसऱ्या गल्लीनं घरी जातात.
बाप तालमीत हौद्याची माती मळायचा,
हळद, ताक, तेल घालून.
अंगानं मोठा पैलवान यायचा असला
की माती जरा जड ठेव, म्हणायचा.
दमू दे त्याला.
एवढीच इस्टेट ठेवून गेला.

शुक्रवारी त्यांची बस बोगद्यातून आली.
पडदे लावलेली, दुमजली.
प्यायचं पाणीसुद्धा घरून आणलेलं.
इथे सूर्य लवकर डोंगरामागे जातो,
अर्ध्या मैदानावर सावली, अर्ध्यावर समुद्राचा वारा,
ही दोन माणसं आम्हाला फुकट मिळतात.

आमचा ओबैद गोलात. आदल्या रात्री अग्निशमन दलात ड्यूटी करून आलेला.
क्वाबेना पुढे एकटा,
बाजार उठल्यावर राहिलेल्या माणसासारखा.
बाकीचे नऊ मागे, खांद्याला खांदा.
विंगर सुटला की चेंडू रेषेबाहेर.
परत सुटला, परत बाहेर.
अकरा वेळा त्यानं खाली रेषेकडे पाहिलं. मी मोजलं.
बाराव्या वेळी माझ्याकडे पाहिलं.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला चेंडू खांबाला लागला.
तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

शून्य-शून्य.
मासळीच्या टेम्पोंनी हॉर्न वाजवले,
खल्फान कॅप्टन मैदानात आडवा पडला आणि हसत राहिला,
थॉमाच्चननं वहीत लिहिलं : एक.

रात्री मी दिवे मालवत होतो
तेव्हा पांढऱ्या बुटांचा एक माणूस आला.
त्यांच्याकडचा. वाकला,
गवतात बोट खुपसलं,
दुसऱ्या पेरापाशी अंगठा धरून ठेवला.
हसला.
इथे किती देतात तुला?

गेल्या साली आमचा लेफ्ट बॅक असाच गेला होता,
जानेवारीत क्वाबेनाही जाईल, सगळ्यांना ठाऊक आहे,
त्यालाच तेवढं अजून सांगितलेलं नाही.
पण गवत कापणाऱ्याला कुणी विकत घेतं,
हे मला नवीन.
त्याचं कार्ड पँटच्या खिशात आहे.
पँट धुवायला टाकलेली नाही.

शनिवारी पहाटे आलो तर
जुनी रेषा आणि नवी रेषा यांच्या मधल्या पट्टीत
सहा पोरं अनवाणी खेळत होती.
दोन मीटर रुंद, शंभर मीटर लांब.
वळायला जागाच नाही,
नुसतं पुढे, नाहीतर मागे.
एकाच्या अंगात आमचा मागच्या हंगामाचा शर्ट,
गुडघ्यापर्यंत.

पुढचा सामना त्यांच्याकडे.
त्यांचं मैदान पंचाहत्तर रुंद आहे म्हणे.

मी नळ सोडला.
आधी त्या पट्टीवर.
पोरं ओरडली, पळाली नाहीत.