एक सूत कमी

माझगाव कोर्टासमोरच्या माझ्या टपरीत
टायपिंगच्या टेबलावरची काच तडकली
ती एका वकिलाच्या कोपराने.
त्याने सॉरी म्हटलं
आणि शपथपत्र घेऊन गेला.

टेप लावून मोजलं. साडेबेचाळीस बाय बावीस.
डॉकयार्डच्या पुलाखाली मुस्तकीम हमदुलेंनी
चिठ्ठी पाहिली न पाहिली, विचारलं,
"कुठं मोजलंत? एका जागी की तीन?"
मी गप्प.
"बाई, लाकूड फुगतं, भिंत पोट काढते.
वर मोजा, मधे मोजा, खाली मोजा.
सगळ्यात लहान आकडा आणा,
त्यातून मी एक सूत काढून टाकतो.
घट्ट बसवलेली काच एक दिवस आपणच फुटते
आणि नाव कोपराचं होतं."

परत गेले. तीनदा मोजलं.
एकतीस वर्षं ज्या टेबलाशी बसले
ते उजवीकडे दोन सूत अरुंद निघालं.

कलम रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी एकच रेघ ओढली,
पाल चुकचुकावी एवढा आवाज.
उमटली की नाही दिसेना. म्हटलं, पुन्हा फिरवा ना.
"दुसऱ्यांदा फिरवली की काच ऐकत नाही."
खालून दोन टिचक्या.
रेघ आत शिरली आणि पलीकडे निघाली.
बोट लावू नका, म्हणाले,
पट्ट्यावर घासेपर्यंत ती सुरी आहे.
घासल्यावरही होती हे विसरू नका.

आणि न्यायची उभी. कायम उभी.
आडवी धरलीत की स्वतःच्याच वजनाने मोडते.
एक हात खाली, एक बाजूला,
हातात जाड मोजे, पायात चप्पल नको.
वर पेपर चिकटवा, नाहीतर लोकांना वाटतं
मधे काही नाहीच, आणि सरळ चालत येतात.
आणि सुटली तर
(इथं त्यांनी उजवा तळवा उघडला,
अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरी शिवण)
"सुटली तर सुटू द्या. पाय मागे घ्या.
पकडायला जाऊ नका.
मी गेलो होतो. साठ रुपयांची काच होती."

तीन टॅक्सीवाले नाही म्हणाले.
शेजारच्या झेरॉक्सचा जनू पुढे, मी मागे,
मधे पेपरातली कालची नालेसफाई.
सगळे बाजूला होत होते, हातगाडीवाले, फौजदारसुद्धा.
मला इतकी वाट या रस्त्याने कधी दिली नव्हती.

जुन्या काचेखाली लोकांचे विसरलेले फोटो होते,
चार काढलेले, दोन लागलेले, दोन मागे.
सगळे निघाले. एक बाई निघेना.
दमट हवेत काचेला धरून बसलेली.
कोण ती? भाडेकराराची असेल, फारकतीची असेल.
नखाने ओढलं तर कागद सुटून आला,
डोळे काचेवरच राहिले.
मी हात मागे घेतला.

तुकडे चार पेपरांत गुंडाळले, वर गोणपाट, सुतळी.
मग मशीन चालू केलं, सगळ्यात मोठा टाइप घेतला:
आत काच आहे. हात सांभाळा.
आजवर टाइप केलेल्यातलं हे एकच
ज्यावर कोणाची सही लागली नाही.

सकाळी घंटागाडीचा पोऱ्या
अक्षर लावून मोठ्याने वाचत होता, आ-त, का-च,
आणि पुडकं त्याने उभं धरलं होतं.
त्याला कोणी सांगितलं होतं, विचारायचं राहिलं.

नवी काच बसली. डावीकडे एक सूत मोकळं.
दिवसभरात तिथं खोडरबराचा चुरा जमतो,
संध्याकाळी मी तो पोस्टकार्डाच्या कडेने काढते.
बोटाने नाही.