दहातले किती

डॉक्टरबाईंनी शुक्रवारी समोर बसवून
एक गोळी दिली. पाण्याबरोबर. तेवढंच.
मग महादेवी सिस्टरनं कागदावर रेघ ओढली,
शून्य ते दहा,
आणि विचारलं, हत्तराग एष्टु?
दहातले किती?
मी म्हटलं, अजून कुठं दुखतंय.
ती म्हणाली, आत्ता न्हाई गे, रविवारी.
रविवारी तुझं तूच विचार.

कागदाच्या मागं तिनं मराठीत लिहून दिलं,
कानडी वळणाचं, ऱ्हस्व-दीर्घ वाऱ्यावर सोडलेलं:
आधी दुखायची गोळी, अर्ध्या तासानं बाकीच्या चार,
गालात धरायच्या.
शेक घे. चहा चालतो.
तासाला दोन पॅड भिजले, आणि दोन तास तसंच,
तर सकाळची वाट बघू नको, फोन लाव.
आणि खाली, दोनदा रेघ मारून:
सोसण्याला बक्षीस नसतं.

आरोहीला शहापूरला आत्याकडं धाडली.
तू का येत नाहीस?
पोटात दुखणार आहे गे.
दुखणार? तुला आधीच कसं कळलं?

भरमाला म्हटलं, माग चालूच ठेव.
वडगावात बंद माग साऱ्या गल्लीला ऐकू जातो.
खटाखटीच्या आड
मला कण्हता येईल.

दोन ह्या गालात, दोन त्या.
खडूची चव.
अर्धा तास मराठी नाही, कानडी नाही.

नऊला दोन.
साडेनऊला चार, आणि मांड्या थरथरायला लागल्या.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कळ काढ.
कळ काढ म्हणजे सोस, की उपटून काढ?
लग्नाला आठ वर्षं झाली, विचारलंच नाही.
सिस्टर म्हणाली होती, आमच्यात कळे म्हणजे वजा कर.
मी भिंतीला पाठ लावून
वजा करत बसले.

सव्वादहाला सात.
तेवढ्यात करंट गेला.
सगळे माग एका दमात गप्प,
आणि त्या गप्पपणात उरला एकच आवाज,
तो माझा होता हे
मला थोड्या वेळानं समजलं.

पलीकडची सुगंधा वहिनी दारात.
हातात खानापुरी कौल, चुलीवर तापवलेलं,
जुन्या परकरात गुंडाळलेलं.
काय झालं, विचारलं नाही.
आधी आपल्या गालाला लावून बघितलं,
मग माझ्या ओटीपोटावर ठेवलं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
मला गोळी-बिळी न्हवती गे.
नुसतं म्हणाले होते, ओरडू नको.

मी ओरडले मग.
तिनं भरमाला चहा टाकायला लावला.

करंट कधी आला, लक्षात नाही.
जे जायचं ते दुपारी गेलं.
मी बघितलं. रडू आलं नाही,
भूक लागली, आणि त्याचीच लाज वाटली थोडी.
चारला भरमाच्या मोबाइलचा गजर झाला,
दुसरी दुखायची गोळी. त्यानं कागद तोंडपाठ केला होता.
कौल गार झालं होतं. त्याला ते परत तापवता येईना,
चुलीपुढं बसून नुसताच फुंकत राहिला.

सोमवारी फोन.
एष्टु?
मी म्हटलं, येरडु.
पलीकडं जरा वेळ काहीच नाही,
मग तिच्या त्या मराठीत,
जेवलीस का?