न्यूट्रल

उद्यमनगरात, फौंड्रीसमोरच्या माझ्या गाळ्यापुढं
मगदूम सर रिक्षातून उतरले,
आधी काठी, मग उजवा पाय,
मग डावा, दोन्ही हातांनी उचलून.
मार्चात त्या अंगावरून वारं गेलेलं.
म्हणाले, दस्तगीर, फियाटला रिमोट बसवायचा.
दाराचा?
इंजिनचा. वरून बटण दाबलं की खाली सुरू.

मी सोल्डरची कांडी खाली ठेवली.
सर, चौसष्टची गाडी ती.
चोक ओढा, पायानं दोनदा पंप करा,
तेव्हा कुठं खोकते.
नवीन गाड्यांना स्वतःचं कळतं,
हिला काय कळतंय? गिअर तुमच्या हातात.
पहिल्यात राहिली आणि वरून बटण दाबलंत
तर सरळ भिंतीत, न्हाईतर देसाईबाईंच्या स्कूटीवर.

सर हसले नाहीत.
ती कायम पहिल्यातच असते, म्हणाले.
पंचेचाळीस वर्षं झाली.
वाघबिळाच्या वर हँडब्रेक सुटला होता एकदा,
मागच्या सीटवर धाकटा झोपलेला.
कठड्याला टेकून थांबली.
तेव्हापासून इंजिन बंद, पहिला गिअर,
चाकामागं दगड, आणि मग दार.

मग कशाला, सर?
चालवणार कोण आता, म्हणाले. ऐकायची आहे.

पॉलिटेक्निकात यांनीच मला नापास केलेलं, दोनदा,
सिरीज सर्किटवरच.
एकानं नाही म्हटलं की सगळंच नाही, लक्षात ठेव.
तेच वापरलं.
शेजारच्या जिनपालनं लेथवर ब्रॅकेट करून दिलं,
स्टिअरिंगखाली गिअरच्या दांड्याला लिमिट स्विच,
एक हँडब्रेकला, एक बॉनेटला.
तिघं हो म्हणतील तरच स्टार्टर.
चोकला जुन्या ॲम्बॅसडरची वायपर मोटर.
अकरा दिवस गेले.
पार्किंगात पाठीवर पडून, कोळ्याची जाळी तोंडात,
आणि वरून रोज चहा, ताटलीनं झाकलेला.

बाराव्या दिवशी सकाळी
नागाळा पार्कात सगळं गप्प.
सर दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, खुर्चीत,
रिमोट असा धरलेला
जसा कुणी पहिल्यांदा मोबाइल धरतो.
दाबलं.
काहीच नाही.
परत दाबलं.
रिलेसुद्धा वाजला नाही.
मला घाम.
दार उघडून दांडा हलवला, तर हलेना.
गाडी पहिल्यात.

काल रात्री मी न्यूट्रल करून गेलो होतो, सर.
देवाशपथ.

जिन्यावरून इंदुमतीबाई आल्या,
पदराला हात पुसत.
मीच टाकला, म्हणाल्या.
रात्री झोप येईना. उघडं राहिल्यासारखं वाटलं.
आणि मला काय येत नाही गाडीतलं?
इतकी वर्षं डाव्या सीटवर बसून
मी काय खिडकीतनं ऊसच बघत होते?

मी बाजूला झालो.
त्या बसल्या. दोन्ही पायांनी क्लच दाबला,
एका पायाला झेपेना म्हणून.
दांडा मधे आणला,
आणि तो मोकळा हलतोय का ते हलवून पाहिलं,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.
उतरून चपलेनं दगड सरकवला
मागच्या चाकाखाली, घट्ट.
वर बघून म्हणाल्या,
हं, करा आता.

रिले टिकला.
वायपरची मोटर कुरकुरत चोक ओढत गेली.
एक खोकला. दुसरा.
मग ती लागली,
जरा लंगडत, एका सिलिंडरला सर्दी,
आणि धूर माझ्या तोंडावर.

देसाईबाई खिडकीतून ओरडल्या, कोण ते?
मी वर बघितलं.
बाल्कनीच्या जाळीतून सरांच्या चपला दिसत होत्या.
उजवी स्थिर.
डावी, जी उचलून ठेवावी लागते,
ती टाचेवर जराशी वाकली,
दाबल्यासारखी,
आणि सुटताना थरथरली.

गाडी जागची हलली नाही.