तडीरी

साडेआठशेला घेतला होता, शहापुरात,
मल्लेशी रेडिओवाल्याकडून.
पत्र्याचा डबा, तीन व्हॉल्व्ह,
आवाजाचं बटण तेव्हापासून उलटं फिरतंय.

मोठी सिस्टीम आली आणि हा
तांदळाच्या पिंपामागे गेला.

काल ती बसली. ह्याला बाहेर काढलं,
रेडिओची वायर जोडली.
काहीच नाही.
उठणार, तेवढ्यात मल्लेशी आठवला,
'तडीरी, तडीरी. तापू दे की आधी.'

तापला. धूळ करपल्याचा वास,
काचेत बारीक नारिंगी तार,
आणि धारवाडवर कुणी बाई.
तबला ह्याला अजून झेपत नाही,
नुसता टपटपतो.
पण ओळीआधी तिनं श्वास घेतला
तो ह्याच खोलीतला.

पिठाच्या हातांनी मालन दारात आली,
'कोण आलंय?'