बारा डॉलर पंच्याण्णव

लोकरीची गिरणी बंद पडली तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
भिंतींतला लोकरीचा वास जायच्या आतच
नदीकाठच्या त्या इमारतीत पेट्या आल्या,
जिनोआहून बोटीनं, मग रेल्वेनं, व्हरमाँटच्या बर्फात.
पेटीत वीस-वीस रायफली, डोक्याशी पाय,
आणि वर ग्रीस. इतकं ग्रीस
की वाटावं, कोणी मधात मुरायला घातल्यात.

आम्ही नऊ बायका. कालपरवापर्यंत सूत कातणाऱ्या,
आता रॉकेलच्या पिंपात कोपरापर्यंत हात.
ओडील ग्रेनिए म्हणायची, "पहिली अंघोळ घालताना धरतो तशी धरा गं,
मानेखाली हात."
तिला पाच मुलं. आम्ही हसायचो.

प्रतवारी सोपी होती: चांगल्या, बऱ्या, मोडीत.
चांगल्या हार्डवेअरच्या दुकानांत जायच्या
आणि तिथं लोणच्याच्या रिकाम्या पिंपात
झाडूंसारख्या उभ्या राहायच्या,
गळ्यात पुठ्ठा: बारा डॉलर पंच्याण्णव.
ज्या सरकारनं घडवल्या ते सरकार केव्हाच मातीला मिळालेलं.
गिऱ्हाईक एवढंच विचारायचं, हरीण पडेल ना?

बाबा रोज पाचला न्यायला यायचे.
गाडी फाटकाबाहेर. इंजिन चालू.
त्यांच्या खुब्यात इटलीतला एक तुकडा राहून गेला होता,
त्यामुळे आमच्या घरी थंडी हवामानखात्याआधी कळायची.
आत या म्हटलं तर म्हणायचे, "बूट ओले आहेत."
जुलैतसुद्धा, बूट ओले आहेत.

फेब्रुवारीत एका दस्त्याची लोखंडी पट्टी सैल निघाली.
दोन स्क्रू. खाली कोरडं लाकूड, ग्रीस न पोचलेलं,
आणि त्यावर खिळ्यानं कोरलेलं: ओरेस्ते.
पुढं गावाचं नाव असावं. दोनच अक्षरं.
मध्येच कोणी हाक मारली असेल.

गाडीत बसल्या बसल्या मी सांगून टाकलं.
बाबांनी इंजिन बंद केलं.
पिंपांमधून, पाय ओढत, आत आले. बायका गप्प.
त्यांनी ती हातात घेतली नाही.
वाकले, वाचलं,
आणि म्हणाले, ओरेस्ते.
मी वाचलं होतं तसं नव्हे. 'र' जिभेवर लोळवून,
शेवटचा स्वर उघडा ठेवून,
जसं कोणी अजून यायचं असलं की दार ठेवतात.
त्या भाषेचा एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.
कुठं शिकलात, विचारायला हवं होतं. नाही विचारलं.
ओडीलनं पट्टी परत बसवली.
बाबांनी टेबलावर तेरा डॉलर ठेवले आणि निघाले.
पाच सेंटांसाठी दुकानात परत फिरणारा माणूस तो.

मग ती आमच्या गोठ्यात, तुळईवर. साठ वर्षं.
एकही गोळी नाही. दर ऑक्टोबरात जवसाचं तेल,
आधी ते लावायचे, नंतर मी.

परवा लायमन क्रँडल आला. पांढरे हातमोजे, भिंग, वही.
"तेर्नीचा कारखाना, साल एक्केचाळीस,
नळीचा नि दस्त्याचा नंबर जुळतोय, आणि बघा,
आयातदाराचा शिक्का नाही! अडुसष्टनंतर सगळ्यांना कायद्यानं डागलं."
इतक्या प्रेमानं कोणी माझ्याकडेही पाहिलं नसेल.
त्यानं सांगितलेला आकडा मी दोनदा ऐकून घेतला.

"हिचा काही इतिहास?"
वहीत त्यासाठी रकाना होता.
"आणि ही पट्टी कधी उघडलीत?"
स्क्रूंच्या खाचांवर भिंग.
मी म्हणाले, नाही.
म्हणाले, कॉफी घेणार?

पैसे मोजून घेतले. गोठ्याचं छप्पर गळतंय.
रात्री कंदील घेऊन उगाच तुळईखाली उभी राहिले
आणि म्हणून पाहिलं. दोनदा, तीनदा.
'र' काही जमला नाही.