बिल्ले

ओपनर खांबाला ठोकलेला, बाटली हातात.
टक्.
बिल्ला उडाला.
कुठे, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.
फ्रीजखाली. बर्फाच्या डब्यात.
एकदा लिगोरियोच्या सोरपोतेलच्या बशीत.
उरलेले माझ्या चपलेखाली, दातेरी कडा वर करून.

तेवीस वर्षं थिवीच्या या तावेर्नात
रात्री अकरा वाजता मी वाकलोय
केरसुणी आणि बॅटरी घेऊन.
बाटल्या लोक बाहेर नेतात, पायरीवर, पुलावर,
बिल्ला तेवढा घरात राहतो,
म्हणून आमच्याकडे हिशेब बिल्ल्यांचा.
कायतान बाब गल्ल्यावरून ओरडायचा:
"क्रेटमधून गेल्या सत्तावन्न. बिल्ले एकोणपन्नास.
आठ बाटल्या न उघडताच गेल्या रे?
कुठे, दोडामार्गला?"
मी दोडामार्गचा.
नाक्यावरचा पोलीससुद्धा माझी डिकी उघडायचा कंटाळलाय,
हा नाही कंटाळला.

मग फॅन दुरुस्त करायला आला रुझार.
फेस्ताच्या रात्री फाटलेला स्पीकर
माडीखाली धूळ खात होता,
त्याच्या पोटातून त्यानं एक काळी चकती काढली,
मेदुवड्याएवढी, मधे भोक, हाताला जड.
ओपनरच्या खाली लाकडाच्या फळीत बसवली.
दोन स्क्रू.
वायर नाही, चार्जिंग नाही,
"कितें दिवप?" विचारलं तर म्हणाला, एक थंड बियर.

टक्.
बिल्ला पडला,
आणि पडलाच नाही.
दुसरा त्याला धरून, तिसरा दुसऱ्याला,
ओहोटीच्या खडकावर कालवं धरावीत तसे.
रात्री मी हात फिरवतो, मूठभर निघतात,
टेबलावर दहा-दहाचे ढीग. सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न.
माझी कंबर आता अकरा वाजता माझीच असते.

कायतान बाबाला चार दिवस चुकल्यासारखं झालं.
पाचव्या दिवशी त्यानं लिंबं मोजली.

परवा तो स्वतः उठला बिल्ले काढायला.
वाकला,
तसं गळ्यातलं सांत आंतोनचं पदक शर्टाबाहेर आलं,
हलकंसं डुललं,
आणि टक् करून बिल्ल्यांमध्ये जाऊन बसलं.
हरवलेलं शोधून देणारा सायब, उलटा.
हे पदक कोन्सेसांवनं लग्नात त्याच्या गळ्यात घातलेलं,
काजूच्या बिया विकून साठवलेल्या पैशांचं,
अस्सल चांदीचं.
नवं गिऱ्हाईक आलं की आधी हेच ऐकतं.
ती जाऊन नऊ वर्षं झाली.

चांदी चिकटत नाही.
त्याला ठाऊक आहे. मलाही.
फ्रीज घरघरत होता.
त्यानं अंगठ्यानं हळूच सोडवलं,
शर्टाला पुसलं, आत टाकलं,
वरचं बटणही लावलं, जे तो कधी लावत नाही.

मग मोजत बसला. बराच वेळ.
"बासष्ट," म्हणाला.
मी एकसष्ट मोजले होते.
लिही म्हणाला, लिहिले.