ओ निगेटिव्ह

एकतीस वर्षं मी रक्तपेढीत चिठ्ठ्या डकवल्या.
आधी बाटल्या होत्या, मग पिशव्या आल्या,
चिठ्ठ्या त्याच: ए, बी, एबी, ओ.
काचेच्या पट्टीवर थेंब, थेंबावर औषध,
पट्टी हळू हलवायची, गुठळी होते का बघायची.
दोन मिनिटांत माणूस कळायचा.
म्हणजे, त्याचं रक्त.

लेंटच्या चौथ्या शनिवारी, फत्तेगंजच्या चर्चच्या हॉलमध्ये
आणंदहून आलेल्या पारधेबाईंनी कागद वाटले.
नव्वद प्रश्न, नऊ स्वभाव.
“परीक्षा नाही, आरसा समजा.”
आरसा म्हटल्यावर आम्ही बायका केस सारखे करतो,
तसं मी पेन्सिलीला टोक केलं
आणि चांगली चांगली उत्तरं लिहिली.
मग अर्धी खोडली.

माझा आकडा दोन आला.
देणारी. धावून जाणारी.
मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.
शेजारच्या थिओफिल साळव्यांचा पाच आला,
ते म्हणाले, “मला माहीतच होतं,”
आणि गप्प बसले, पाचासारखे.

मग बाईंनी कागदाची मागची बाजू वाचायला सांगितली.
हिला नाही म्हणता येत नाही, आणि घेताही येत नाही.
ही देते, आणि मनात वही ठेवते.

वही.
काळ्या घोड्यापाशी रिक्षा थांबली
तेव्हा मी दोन हजार नवात होते:
जाऊबाईंच्या ऑपरेशनला बावीस रात्री,
आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात मी दुसऱ्या रांगेत.
विश्वामित्रीच्या पुलावर सुनेचं बाळंतपण,
डिंकाचे लाडू, आणि तिचं ते वाक्य:
“आई, मी मागितले नव्हते.”
खाली काठावर मगर पडली होती, ऊन खात, डोळे मिटून.
कुणी म्हणत नाही तिला झोप लागलीय म्हणून.

माझा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह.
सगळ्यांना चालतो.
रात्री-अपरात्री फोन यायचा, मी बाही वर करूनच निघायची.
पण ओ निगेटिव्हला चालतं फक्त ओ निगेटिव्ह,
हे नव्या मुलांना मी दरवर्षी शिकवलं, फळ्यावर बाण काढून:
इथून सगळीकडे जातात,
इकडे येणारा एकच, तोही स्वतःकडून स्वतःकडे.
फळा पुसताना कधी काही वाटलं नाही.

पवित्र गुरुवारी पाय धुतात आमच्यात.
घंगाळ माझं, टॉवेल माझे,
पाणी कोमट करणारी मी, अठरा वर्षं.
यंदा पारधेबाई पुन्हा आलेल्या. म्हणाल्या,
“एस्तेरताई, तुम्ही खुर्चीत.”
टाचांना भेगा होत्या. मी म्हटलं, नको, दुसऱ्या कुणाला.
त्या खाली बसल्याच होत्या.
पाणी गार.
कोमट करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
माझे पाय परक्या हातांत, जड,
आणि सुई बघून नवी पोरं फिरवतात
तसं मी तोंड फिरवलं.

मग पेला आला.
दरवर्षी मी रांगेत शेवटी असते, उरलं तर घेते.
यंदा ओल्या पायांनी उभी होते, मधेच कुठेतरी.
ज्याचं ते रक्त, त्यानं पट्टी हलवून पाहिली नाही
माझी गुठळी होते का.

आकडा गेला, असं नाही.
अजून पहाटे जाग येते ती कुणाच्या तरी काळजीनं,
आणि काळजीच्या खाली कुठेतरी माझं नाव असतं,
बारीक अक्षरात.
हल्ली ते वाचता येतं, एवढंच.
प्रार्थनेत सगळी यादी म्हणून झाली की
तेही घेते, अडखळत.

सोमवारी खालच्या निरुपाबेननं हांडव्याचा डबा दिला.
आईची शिकवण: डबा रिकामा परत करायचा नाही,
निदान चिमूटभर साखर.
मी डबा घासला, पुसला.
साखरेच्या बरणीवर हात होता बराच वेळ.
मग तसाच नेऊन दिला.
त्या झाकण उघडून बघणार नाहीत, ठाऊक होतं.
तरी जिना चढताना
कान मागेच होते.